लेन्स धुण्याचं मशीन मुलीला घेऊन द्यावं का?

प्रश्न: माझी मुलगी १९ वर्षांची आहे. पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, हॉस्टेलवर राहते. नंबर उणे साडेचार. दीड वर्षापासून महिनाभर चालणाऱ्या मऊ लेन्स वापरते. हल्ली तिची तक्रार असते की तिसऱ्या आठवड्यातच लेन्स धुरकट होतात आणि संध्याकाळी डोळ्यांत कचकच होते. तिच्या रूममेटने ऑनलाइन एक अल्ट्रासोनिक मशीन मागवलंय. लेन्स त्यात ठेवायच्या, बटण दाबायचं, तीन मिनिटांत स्वच्छ. चोळायला नको, बोट लावायला नको. जंतूही मरतात असं जाहिरातीत लिहिलंय. आता आमच्या बाईसाहेबांनाही तेच हवंय. १८०० रुपयांचा प्रश्न नाही, प्रश्न डोळ्यांचा आहे. घेऊन द्यावं का? आणि घेतलं तर सोल्युशनचा खर्च तरी वाचेल का?
– एक आई, नाशिक

ताई, नका घेऊन देऊ.

उत्तर आधीच देऊन टाकलं, कारण मुलगी कदाचित आज-उद्याच ऑर्डर टाकेल. आता कारणं सांगते, आणि जरा सविस्तर सांगते. शेजारच्या टेबलावर रूममेटचं मशीन गुणगुणत असताना घरून आलेल्या नुसत्या ‘नको’चा काही उपयोग व्हायचा नाही. या वयाच्या मुलीला कारण पटावं लागतं.

अल्ट्रासोनिक साफसफाई हे थोतांड नाही, हे आधी मान्य करू. तुम्ही ती पाहिलेलीही असेल. चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे स्टीलची छोटी टाकी असते. जुनी फ्रेम तिच्यात सोडली की नाकावरच्या पॅडमागून, बिजागरीच्या फटीतून करड्या मळाचा ढग निघतो. ब्रशचा केस जिथे पोचत नाही तिथला मळ असतो तो. सराफाकडेही अशीच टाकी असते. सेकंदाला २०,००० च्या वर कंपनं गेली की तो आवाज माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. ही मशीन साधारण ४०,००० च्या आसपास चालतात. त्या कंपनांमुळे पाण्यात असंख्य सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि क्षणात आतल्या आत मिटतात. एकेक बुडबुडा मिटताना जवळच्या पृष्ठभागावर बारीकसा तडाखा बसतो. असे लाखो तडाखे बसले की मळ सुटतो.

पण त्याच सराफासमोर मोत्याची नथ ठेवा. सोन्याच्या बांगड्या, पाटल्या तो बिनदिक्कत टाकीत सोडेल, नथ बाजूला काढून ठेवेल. मोती, पाचू, ओपल यांना ही टाकी वर्ज्य. मशीन चांगलं की वाईट हा प्रश्न त्याच्या डोक्यात येतच नाही, तो आधी वस्तू कोणती आहे ते बघतो. लेन्सच्या बाबतीतही तिथूनच सुरुवात करायला हवी.

त्याआधी त्या १८०० रुपयांच्या डबीबद्दल. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे लेन्स बसवायला येणाऱ्या मुलामुलींमध्ये या डब्यांची टूम निघाली. प्रत्येक जण विचारायचा, म्हणून मी वेगवेगळ्या दोन मागवल्या. अल्ट्रासोनिक मशीन खरंच काम करतं का, हे पाहायची एक जुनी आणि सोपी परीक्षा आहे. पोळ्या गुंडाळायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलची पट्टी टाकीतल्या पाण्यात उभी धरायची आणि मिनिटभर मशीन चालवायचं. बुडबुड्यांचा तडाखा खरा असेल तर फॉइलला बारीक बारीक खड्डे पडतात, कुठे कुठे आरपार भोकंही पडतात.

आमच्या दुकानातल्या फ्रेम धुण्याच्या टाकीत पट्टी धरली, मिनिटाने उजेडासमोर आणली, तर जुन्या चाळणीतून दिसावा तसा तिच्यातून उजेड दिसत होता. मग दोन्ही डब्यांमध्ये तेवढीच बारीक पट्टी घातली. यूएसबीच्या वायरवर चालणाऱ्या डबीतून ती घातली तशीच बाहेर आली, चकचकीत, एक सुरकुतीसुद्धा नव्याने पडलेली नाही. बॅटरीवरच्या दुसऱ्या डबीत एका कडेला चार-पाच पुसट ठिपके उमटले, तेही भिंग घेऊन शोधावे लागले. (त्या डब्या मी नंतर कुणालाही वापरायला दिल्या नाहीत. फॉइलचा कण लेन्सवर बसून डोळ्यात जाणं म्हणजे आणखी एक दुखणं. मुलीला ही परीक्षा करायची हौस आली तर रूममेटच्या डबीत करू नको म्हणावं.)

म्हणजे नाव तेच, जोर मात्र नाही. डबी गुणगुणते, दिवा निळा होतो, सोल्युशन थरथरतं. लेन्स हलवून विसळल्याइतकं काम त्यातून होत असेल. सैल चिकटलेला धुळीचा कण निघेल, काजळाचा कण निघेल. ते काम हातातल्या बाटलीतून सोल्युशनची एक धार सोडल्यानेही होतं.

मग जोरदार मशीन घेतलं तर? हा प्रश्न मुलगी विचारेलच, इंजिनिअरिंगला आहे. तर आता वस्तूकडे वळू.

मऊ लेन्स म्हणजे भिजलेला साबुदाणा समजा. पहिल्या पिढीतल्या मऊ लेन्सच्या वजनात ३८ टक्के पाणी असायचं, आजही त्या प्रकारच्या लेन्स मिळतात, काहींमध्ये त्याहून बरंच जास्त पाणी असतं. रात्री बेसिनच्या कडेला लेन्स पडून राहिली आणि सकाळी सापडली, असं प्रत्येक लेन्सवाल्याच्या घरी एकदा तरी होतं. तेव्हा ती पापडाच्या तुकड्यासारखी कडक झालेली असते, बोटाने दाबली तर मोडते. (ती परत भिजवून घालायची नाही, टाकून द्यायची.) पाणी धरून ठेवणारी वस्तू पाण्यासोबत आलेलं इतरही बरंच काही धरून ठेवते. त्यामुळे सराफाच्या किंवा चष्मेवाल्याच्या टाकीत लेन्स कधीही सोडू नये. तिथल्या पाण्यात साबण असतो, तो लेन्समध्ये मुरतो आणि डोळ्यात उतरतो. शिवाय बुडबुड्यांचा तडाखा बसायला पृष्ठभाग टणक लागतो. धातूवर, काचेवर तो नीट बसतो. लवचीक, मऊ वस्तू ती कंपनं स्वतःच गिळून टाकते.

घरगुती यंत्रांबद्दल मला आकस आहे असं मुलीला वाटायला नको. मऊ लेन्सचा जन्मच एका घरगुती यंत्रावर झाला. ओटो विख्टर्ले नावाच्या चेक रसायनशास्त्रज्ञाने १९६१ च्या नाताळात प्रागमधल्या आपल्या घरी, मुलांच्या जोडणीच्या खेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनॅमो वापरून एक फिरतं यंत्र केलं आणि गरगर फिरणाऱ्या साच्यात पहिल्या मऊ लेन्स ओतल्या. मला ही गोष्ट फार आवडते, नव्याने लेन्स घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजकुमाराला मी ती सांगते. यंत्र काय काम करतं ते महत्त्वाचं, ते कुठे केलंय किंवा केवढ्याला मिळतं याला माझ्या लेखी महत्त्व नाही.

आता जाहिरातीतली जंतू मारण्याची गोष्ट. इथे मात्र मला राग येतो. प्रयोगशाळेत ध्वनिलहरींनी जीवाणू फोडता येतात, हे खरं. त्यासाठीचं यंत्र वेगळं, त्याची ताकद कितीतरी पट, आणि नमुना तापू नये म्हणून तो बर्फात ठेवून काम करतात. लेन्सच्या डबीशी त्याचा संबंध नाही. दातांच्या दवाखान्यात जा किंवा ऑपरेशन थिएटरमध्ये जा. तिथे अवजारं अल्ट्रासोनिक टाकीत घालतात ती रक्त, लाळ, हाडाचा कीस सुटावा म्हणून. त्यानंतर ती ऑटोक्लेव्हमध्ये जातात, दाबाखालच्या वाफेत, आणि तिथे जंतू मरतात. मोठ्या, महागड्या टाकीतून निघालेल्या अवजारालाही डॉक्टर निर्जंतुक म्हणत नाहीत. मग यूएसबीच्या डबीतून तीन मिनिटांत निघालेल्या लेन्सला आपण का म्हणावं?

लेन्सवरचे जंतू मारण्याचं काम सोल्युशन करतं आणि त्याला वेळ लागतो. साध्या सोल्युशनला बाटलीवर लिहिल्याप्रमाणे बहुधा चार ते सहा तास. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पद्धतीत तीन टक्क्यांचं पेरॉक्साइड एका खास उभ्या डबीत ओततात, तिच्या तळाशी प्लॅटिनमचा मुलामा दिलेली चकती असते, ती हळूहळू पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करते. त्याला निदान सहा तास द्यावे लागतात आणि त्याआधी लेन्स डोळ्यात घातली तर डोळा भाजल्यासारखा होतो. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. मशीन घेतलं तरी रात्रभर भिजवायला सोल्युशन लागणारच, वर मशीनमध्ये ओतायला लागेल ते वेगळं. खर्च वाचत नाही, वाढतो.

कुणी सुचवेल की मशीनमध्ये सोल्युशनऐवजी स्वस्तातलं सलाइन घाला. सलाइन विसळायला ठीक, जंतू ते मारत नाही. आणि घरी केलेलं मिठाचं पाणी तर नाहीच नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत मिठाच्या गोळ्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून घरच्या घरी सलाइन करण्याची पद्धत होती. अकांथामीबाने कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, पोखरलेले रुग्ण तेव्हा एकामागून एक दिसू लागले आणि त्यांच्यात या घरगुती सलाइनवाल्यांचं प्रमाण ठळकपणे जास्त निघालं.

हा अकांथामीबा पाण्यातला, मातीतला एकपेशीय जीव. नळाच्या पाण्यात, टाकीत, विहिरीत, स्विमिंग पूलमध्ये तो असू शकतो. परिस्थिती बिघडली की स्वतःभोवती दुहेरी भिंतीचं कवच करून बसतो, पाण्यातल्या नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाही. डोळ्यात शिरला तर डोळ्याचं दुखणं असं की रुग्ण रात्र रात्र झोपत नाही, आणि उपचार कित्येक महिने चालतात. हॉस्टेलच्या गच्चीवरची टाकी शेवटची कधी धुतली हे तिथल्या वॉर्डनलाही सांगता यायचं नाही. म्हणून लेन्सला, लेन्सच्या डबीला आणि असल्या कुठल्याही मशीनला पाण्याचा थेंब लागता कामा नये. फिल्टरचंही नको, उकळून गार केलेलंही नको. लेन्स घालून अंघोळही नको.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. जाहिरातीतलं जे वाक्य तुमच्या मुलीला सगळ्यात आवडलंय, ‘चोळायला नको’, तेच मला सगळ्यात धोक्याचं वाटतं.

पिण्याच्या पाण्याचा माठ आठवडाभर घासला नाही तर आतून बोट फिरवल्यावर काय लागतं, हे तुम्हाला सांगायला नको. बुळबुळीत थर. माठ दहा वेळा विसळा, भरून ठेवा, हलवा, तो थर जागचा हलत नाही. हात घालून घासलं की एका फटक्यात निघतो. जंतू पृष्ठभागाला चिकटतात तेव्हा स्वतःभोवती असाच चिकट थर करतात आणि त्याच्या आड सोल्युशन त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. लेन्सवर तर अश्रूंमधली प्रथिनं, तेलकटपणा हे सगळं आधीच बसलेलं असतं. बोटाने चोळल्यावर हा थर मोडतो, धारेने वाहून जातो, आणि उरलेल्या थोड्याफार जंतूंना सोल्युशन रात्रभरात मारतं. आधीचं काम केलं नाही तर नंतरचं अर्धवट राहतं.

चोळण्यापासून सुटका करण्याचं आश्वासन लोकांना याआधीही एकदा मिळालं होतं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ‘चोळण्याची गरज नाही’ असं लिहिलेली सोल्युशन बाजारात आली आणि लोकांनी आनंदाने चोळणं सोडलं. मग २००५-०६ मध्ये सिंगापूर, हाँगकाँग आणि अमेरिकेत मऊ लेन्स वापरणाऱ्यांच्या डोळ्यांत फ्युझारियम नावाच्या बुरशीची लागण होऊ लागली. आपल्या शेतकऱ्यांना ही बुरशी दुसऱ्या नावाने माहीत आहे. तुरीवर, हरभऱ्यावर मर रोग पडतो, उभं झाड वाळून जातं, तो फ्युझारियमच्याच जातभाईंमुळे. एकट्या अमेरिकेत पक्के ठरलेले १६४ रुग्ण निघाले. त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश लोकांना कॉर्निया बदलून घ्यावा लागला. तपासाचा रोख एका विशिष्ट सोल्युशनकडे गेला आणि मे २००६ मध्ये ते जगभरातून मागे घेण्यात आलं. दोष एकट्या न चोळण्याचा नव्हता, त्या सोल्युशनचाही होता, आणि डबीतल्या जुन्या सोल्युशनमध्येच नवीन ओतत राहण्याच्या सवयीचाही होता. पण २००७ मध्ये अकांथामीबामुळे आणखी एक सोल्युशन मागे घ्यावं लागल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्पष्टच सांगितलं, की बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, लेन्स चोळा आणि विसळा.

आता तोच मोह निळ्या दिव्यासकट परत आला आहे. मशीन स्वतः डोळ्याला इजा करत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. एखादी मुलगी रोज नीट चोळून, विसळून, वर हौस म्हणून मशीन लावत असेल तर तिचं काही बिघडायचं नाही. पण १८०० रुपये देऊन कोण चोळत बसतं? ज्यासाठी पैसे दिले ते काम मशीनने केलं असं माणूस धरूनच चालतो. विशेषतः परीक्षेच्या दिवसांत रात्री दीड वाजता.

आणखी एक गोष्ट, जी मशीन विकणारा कधी सांगणार नाही. लेन्सची साधी डबी दर तीन महिन्यांनी टाकून द्यायची असते, कारण कितीही धुतली तरी तिच्या आतल्या कडांना तो माठासारखा थर धरतोच. काही रुपयांची प्लॅस्टिकची डबी टाकताना जीव तुटत नाही. १८०० रुपयांची, वायर जोडलेली डबी दर तीन महिन्यांनी कोण टाकेल? ती उकळता येत नाही, उघडून घासता येत नाही, खाचांमध्ये जुनं सोल्युशन साचून राहतं. साफ करायला आणलेली वस्तूच घाणीचं घर होते.

असो, मशीनचं पुरे. तुमच्या मुलीची तक्रार मात्र खरी आहे आणि तिचं कारण शोधायला हवं. तिसऱ्या आठवड्यात लेन्स धुरकट होत असेल तर मी तिला समोर बसवून काही गोष्टी विचारल्या असत्या. तुम्ही फोनवर विचारा, पण उलटतपासणीच्या सुरात नको, नाहीतर सगळी उत्तरं ‘हो गं आई’ अशी येतील.

केसांना तेल कधी लावते? हसू नका. रविवारी खोबरेल तेलाने डोकं चोळायचं, हात पाण्याखाली धरायचे, पुसायचे आणि लेन्स घालायच्या, असं करणाऱ्या कितीतरी मुली मी पाहिल्या आहेत. तेल बोटांच्या रेषांमध्ये राहतं. मायक्रोस्कोपखाली ती लेन्स आमटीवरच्या तवंगासारखी दिसते, गोल गोल चकत्या, पापणी मिटली की पसरतात आणि उघडली की पुन्हा गोळा होतात. सनस्क्रीन आणि हँडक्रीमचंही तेच. हात साध्या साबणाने धुवायचे, धागे न सुटणाऱ्या स्वच्छ रुमालाने कोरडे करायचे, मगच लेन्सला हात लावायचा. काजळ, लायनर लेन्स घातल्यानंतर, आणि रात्री आधी लेन्स काढायच्या, मग मेकअप.

डबीतलं सोल्युशन रोज पूर्ण ओतून टाकते, की त्यातच थोडं वर भरते? बाटली उघडून किती दिवस झाले? उघडल्यावर किती दिवसांत संपवायची ते बाटलीवर छापलेलं असतं, पण उघडली कधी तेच कुणाला आठवत नाही. पेनने तारीख टाकायची, संपला प्रश्न. लेन्सच्या खोक्यावरही तशीच. ‘महिना’ म्हणजे उघडल्यापासून तीस दिवस. तीस वेळा घातली म्हणजे महिना झाला, असा हिशेब नसतो. बऱ्याच मुली सुट्टीचे दिवस वजा करून लेन्स दोन-अडीच महिने चालवतात.

लेन्स घालून झोपते का? दुपारी तासभर का होईना? तेवढ्यानेही जंतुसंसर्गाचा धोका सहा ते आठ पट वाढतो. इतर काही कबूल केलं नाही तरी चालेल, हे मात्र तिच्याकडून खरं काढून घ्या.

आणि या सगळ्याची उत्तरं चोख आली तर दोष लेन्सवरच्या मळाचा नसून डोळ्याचा असू शकतो. दिवसभर लॅपटॉपकडे बघताना पापण्या कमी मिटतात, डोळा कोरडा पडतो, कोरड्या डोळ्यावरची लेन्सही धुरकट वाटते. किंवा वरच्या पापणीच्या आतल्या बाजूला, लेन्स सतत घासल्याने आणि तिच्यावरच्या प्रथिनांमुळे, अ‍ॅलर्जीसारखे बारीक उंचवटे आलेले असतात. मग डोळ्याला खाज येते, सकाळी कोपऱ्यात चिकट दोरा सापडतो, लेन्स पापणीबरोबर वर सरकते. पापणी उलटवून पाहिल्याशिवाय हे कळत नाही. तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे किंवा लेन्स बसवून देणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टकडे तिला एकदा जाऊ द्याच. त्या दिवशी लेन्स घालूनच जायचं आणि चष्मा, डबी, सोल्युशनची बाटली सोबत न्यायची.

चोळायचं कसं, तेही सांगून टाकते, कारण बहुतेकांना ते दुकानात पहिल्या दिवशी घाईत दाखवलेलं असतं. लेन्स तळहाताच्या खोलगट भागात वाटीसारखी ठेवायची, वर तीन-चार थेंब सोल्युशन. दुसऱ्या हाताच्या तर्जनीच्या मांसल भागाने हलक्या हाताने पुढे-मागे चोळायची, नख लागू द्यायचं नाही. गोल गोल फिरवली तर कडेला दुमडून फाटते. दुसरी बाजूही तशीच, प्रत्येक बाजूला दहाएक सेकंद. मग दोन्ही बाजूंनी सोल्युशनची धार आणि ताज्या सोल्युशनने भरलेल्या डबीत. नेहमी उजव्या डोळ्यापासून सुरुवात करायची, म्हणजे नंबरांची अदलाबदल होत नाही. दोन्ही लेन्सचं मिळून मिनिट-दीड मिनिटाचं काम आहे. मशीनला तीन मिनिटं लागतात.

सकाळी लेन्स घातल्यावर डबीतलं सोल्युशन ओतून टाकायचं, ताज्या सोल्युशनने डबी आतून बोटाने चोळून घ्यायची, स्वच्छ टिश्यूने पुसायची आणि झाकणं काढून टिश्यूवर उपडी ठेवायची. बाथरूममध्ये नको, टेबलावर.

हे सगळं तिला रोज जमणारं नसेल, तर तसं मोकळेपणाने सांगू दे, त्यात कमीपणा नाही. मग तुमचे १८०० रुपये रोज नवी घालून रात्री फेकायच्या लेन्सकडे वळवा. सोल्युशन नाही, डबी नाही, धुणं नाही. रोज घालायच्या तर त्या महाग पडतात, हे खरं. पण आठवड्यातले तीन-चार दिवस लेन्स आणि बाकीचे दिवस चष्मा अशी विभागणी केली तर हिशेब बराच जवळ येतो, शिवाय डोळ्यांना विश्रांती मिळते. माझ्या स्वतःच्या भाचीला मी हॉस्टेलवर जाताना हेच करायला लावलं.

अर्थात हे सगळं मऊ लेन्सबद्दल. कॉर्निया शंकूसारखा पुढे आलेल्या रुग्णांच्या टणक लेन्सचं प्रकरण वेगळं; त्यांचं सोल्युशन वेगळं, प्रथिनं काढायचं द्रव वेगळं, आणि त्यांनी ज्यांनी लेन्स बसवली त्यांनाच विचारावं.

आणि एक गोष्ट तिच्या मोबाइलमध्ये लिहून ठेवायला सांगा. डोळा लाल झाला, दुखतोय, उजेड सहन होत नाही, पाणी येतंय किंवा दिसणं अंधुक झालंय, यातलं काहीही असेल तर ‘डोळे आले असतील’ म्हणून थांबायचं नाही. लेन्स लगेच काढायची, परत घालायची नाही, आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. मेडिकलमधून आणलेले किंवा मैत्रिणीकडे पडलेले थेंब घालायचे नाहीत; त्यांत स्टेरॉइड असेल तर लाली उतरते आणि आत जखम वाढत राहते. काढलेली लेन्स आणि डबी फेकायची नाही, तशीच डॉक्टरांकडे न्यायची, म्हणजे त्यातून नेमका कोणता जंतू आहे ते तपासता येतं. कॉर्नियावरची जखम भरली तरी मागे पांढरा डाग राहतो. आपल्या आज्या त्याला डोळ्यात फूल पडलं म्हणायच्या. बाहुलीसमोर पडलेलं फूल कुठल्याही थेंबाने जात नाही.

पुढच्या सुट्टीत ती घरी आली की तिची लेन्सची डबी मागून घ्या. झाकण उघडा, सोल्युशन ओतून टाका आणि आतल्या कडेवरून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर तिच्यादेखत कचऱ्यात टाका. नवी विकत आणावी लागणार नाही. सोल्युशनच्या प्रत्येक मोठ्या बाटलीबरोबर एक डबी येते आणि न उघडलेल्या दोन-तीन तरी तिच्या बॅगेच्या तळाशी सापडतील.